चार फुटी पंचिंग बॅग घरी कशी भरावी?

प्रश्न थोडक्यात असा: चार फूट उंच आणि चौदा इंच व्यासाची रिकामी बॅग आणली आहे. विचारणाऱ्याचं वजन ७० किलो. घरातले जुने कपडे कोंबून बॅग तोंडापर्यंत भरली, पण वजन जेमतेम १४ किलो झालं. ठोसा मारला की मधोमध घडी पडते आणि बॅग लांब पळते. खालचा वीतभर भाग मात्र आत्ताच टणक लागायला लागलाय. कुणी म्हणतं वाळू भर, कुणी म्हणतं लाकडाचा भुसा. काय करावं?

आधी वाळूचं बोलू, कारण हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात जास्त हात त्यानेच दुखावतात. तुमच्या बॅगेच्या पोटात साधारण ११५ ते १२० लिटर जागा आहे. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या वर भरते. नुसत्या वाळूने ही बॅग गच्च भरली तर वजन पावणेदोनशे किलोच्या पुढे जाईल. तेवढ्या वजनाला एक तर शिवण उसवेल, नाही तर छताचा हूक निघेल. म्हणून मग लोक खाली वाळू आणि वर कपडे अशी तडजोड करतात, आणि बॅगेचा खालचा अर्धा भाग भिंत होऊन बसतो. वाळूचे कण प्रत्येक ठोशाला थोडे थोडे सरकत एकमेकांत बसत जातात, आणि एकदा बसले की दबायला जागा राहत नाही. त्यात दमट हवा किंवा घाम मुरला तर ढेकळंच होतात.

हे हाताला का बाधतं, तेही बघा. तुमची मूठ एका वेगाने येते आणि कुठेतरी थांबते. ती चार सेंटिमीटर आत जाऊन थांबली तर जेवढा सरासरी जोर हाडांवर येतो, त्याच्या चौपट जोर एकाच सेंटिमीटरमध्ये थांबली तर येतो. ठोसा तोच, मारणारा तोच. करंगळीच्या मागचं, तळहातातलं हाड असं मोडतं की त्या मोडीला बॉक्सरचंच नाव पडलंय. हे हाड मोडतं ते बहुतेक वेळा कडक वस्तूवर तिरकी मूठ बसल्यामुळे. नवशिक्याची मूठ तिरकीच बसते. त्याची बॅग तरी मऊ असावी.

वाळू अजिबात वापरायची नाही असं मात्र नाही. थोडी, बंद पिशव्यांत आणि बरोबर मध्यभागी ठेवली तर ती उपयोगी आहे. त्याची पद्धत पुढे येईलच.

भुसा, रबराचे दाणे, धान्य, रद्दी, फोमचे तुकडे यांचं लवकर आटोपतो. भुसा सुरुवातीला छान वाटतो, पण बारीक असल्याने वाळूसारखाच खाली बसतो, ओल धरतो आणि त्याला बुरशी येते. शिवाय प्रत्येक ठोशाला झिपमधून बारीक धूळ उडते आणि ती तुमच्याच नाकात जाते. रबराचे दाणे त्यापेक्षा बरे, पण तेही वाहते असल्याने तळाशी गोळा होतात. वापरायचेच तर वाळूसारखे पिशव्यांत बांधून. धान्य म्हणजे किडे आणि उंदरांना आमंत्रण. रद्दी दाबली की विटेसारखी होते. नुसता फोम हलका असतो आणि मूठ परत फेकतो. त्यावर मारताना ठोसा लागलाय की नाही हेच कळत नाही. राहता राहिले कपडे. जगभरच्या तालमींत लटकलेल्या बॅगा बहुतेक कापडानेच भरलेल्या असतात, आणि कारण सोपं आहे. कापडाच्या घड्या आणि तंतू एकमेकांत अडकतात, त्यामुळे ते वाळूसारखं वाहत नाही. दबतं, पण पुन्हा थोडं वर येतं.

म्हणजे तुम्ही माल बरोबर निवडलात, फक्त भरला कमी. हलक्या हाताने कोंबलेलं कापड लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतं. तुमच्या बॅगेला गुणून बघा, १४-१५ किलोच येतात. तेच कापड थर लावून चोपलं तर लिटरला पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम बसतं, आणि त्याच बॅगेत ३३ ते ३५ किलो मावतात. तुमची बॅग अजून अर्धी रिकामी आहे. ती रिकामी जागा कपड्यांच्या मधे हवा होऊन बसलीय, आणि घडी पडते ती तिच्यामुळेच.

वजन किती हवं? चालत आलेला ठोकताळा असा की स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास. ७० किलोच्या माणसाला ३५, पन्नासच्या मुलीला २५, नव्वदच्या गड्याला ४५. यात दोन-चार किलो इकडेतिकडे चालतात. नुसता हाताचा वेग आणि पायांची हालचाल घोटायची असेल तर थोडी हलकी बॅग बरी, कारण ती हलते आणि तुम्हाला तिच्यामागे फिरायला लावते. ताकदीचे हूक, म्हणजे बाजूने वळून येणारे ठोसे, आणि लाथा मारायच्या असतील तर जड बरी. निम्म्या वजनाची बॅग त्याच ठोशाला दुप्पट वेगाने पळते. तुमची १४ किलोची बॅग म्हणूनच हाताला लागत नाही. ठोसा पुरता बसायच्या आत ती निघून गेलेली असते.

पण मला विचाराल तर वजनाच्या आकड्यात फार अडकू नका. तीस किलोची एकसारखी भरलेली बॅग ही चाळीस किलोच्या ओबडधोबड बॅगेपेक्षा कितीतरी चांगली. ठोसा बॅगेच्या वजनावर बसत नाही, तो तळहाताएवढ्या एका जागेवर बसतो. ती जागा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखीच लागली पाहिजे. एका ठिकाणी मूठ आत गेली आणि वीतभर बाजूला गाठ लागली, तर मनगट वळतं. भरण्याची सगळी मेहनत या एका गोष्टीसाठी करायची.

आता कपडे जमवा. इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. एक टी-शर्ट दीडशे ते दोनशे ग्रॅमचा असतो. तीस किलो म्हणजे दीडशेच्या वर टी-शर्ट! एका घरातून एवढे निघत नाहीत. नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून चादरी, टॉवेल, ट्रॅक पँट, सुती ड्रेस गोळा करा. शिंप्याकडच्या चिंध्या मिळाल्या तर उत्तमच. सुती होजिअरी, म्हणजे टी-शर्ट आणि बनियनचं ताणलं जाणारं कापड, सगळ्यात छान बसतं. टॉवेलही छान. सॅटिन, नायलॉन, रेनकोटचं कापड घसरतं, त्यामुळे ते थोडंच घाला आणि सुती कापडात मिसळून घाला. लोकरी कपड्यांना कसर लागते, शक्यतो टाळा. जीन्स जड असते म्हणून मोह होतो, पण तिची कंबर, खिसे आणि जाड शिवणी या दगडासारख्या लागतात. फक्त पायांचं कापड कापून घ्या, बाकी टाकून द्या. तुमच्या बॅगेचा तळ आत्ताच टणक लागतोय, त्याला अख्ख्या घडी घातलेल्या जीन्स कारण असण्याची दाट शक्यता आहे. लोक जड म्हणून त्याच आधी टाकतात.

प्रत्येक कपड्याची चेन, बटणं, हूक, बकला, धातूच्या टिकल्या काढायच्याच. कंटाळवाणं काम आहे, पण एक जीन्सचं बटण महिन्याभरात थरांमधून सरकत कातड्याच्या आतल्या बाजूला येऊन बसतं, आणि ते तुम्हाला बोटाच्या पेरावरच सापडतं. कपडे धुतलेले आणि कडकडीत वाळलेले हवेत. किंचित ओलसर कापड बंद बॅगेत गेलं की वास लागतो आणि मग तो जात नाही. डांबराच्या गोळ्या टाकून तो दाबायचा विचार करू नका. बंद खोलीत धापा टाकत व्यायाम करताना ती वाफ छातीत भरून घेणं चांगलं नाही.

कापड कापायचं का? हो, पण फार बारीक नको. चादर अख्खी टाकली तर तिच्या घडीत हवा राहते आणि ती एक मोठी गाठ होते. अगदी बोटभर चिंध्या केल्या तर त्या खाली सरकतात. टी-शर्टचे चार तुकडे, चादरीचे दोन-दोन वितींचे चौकोन, असं माप धरा. लहानमोठे तुकडे मिसळलेले असले तर फटी आपोआप भरतात. बोळे करून फेकायचे नाहीत. तुकडा उघडा, आडवा पसरा.

आता एक गोष्ट अशी, जी भरायला बसण्याआधी ठरवावी लागते: आतून अस्तर लावायचं का. व्यायामाची जुनी चटई किंवा फोमचा पत्रा बॅगेच्या आतल्या भिंतीला गोल लावला तर बॅग गोल राहते, बारीकसारीक गाठी हाताला लागत नाहीत आणि पृष्ठभागाला छान मऊपणा येतो. मी लावतोच. पण जाडी बघून लावा. एक इंच जाडीचा फोम चहूबाजूंनी लावला की आतला व्यास चौदाचा बारा इंच होतो आणि जागा १२० लिटरवरून ९०च्या आत येते. वजनात आठेक किलो कमी! दहा-बारा मिलिमीटरची चटई लावली तर साधारण १०५ लिटर उरतात, आणि त्यात तीस किलो कापड बसतं. माझ्या मते हाच सौदा बरा. चटईची दोन टोकं एकमेकांवर चढवू नका, टोकाला टोक भिडवून मोठ्या टेपने चिकटवा. एकावर एक चढलेली कड म्हणजे बॅगेवर उभा कंगोरा, आणि नेमका त्यावरच हूक बसतो.

आता भरणं. आधी बॅग पूर्ण रिकामी करा. आतलं तसंच ठेवून वरून चोपण्यात अर्थ नाही, जोर खालपर्यंत पोचतच नाही. रिकाम्या बॅगेत हात घालून शिवणी, तळ, टांगायच्या पट्ट्यांचे टाके आणि डी-रिंग (साखळी अडकवायच्या कड्या) तपासा. एखादा टाका सैल असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, नंतर तीस किलो उपसून ते कुणी करत नाही.

खडूने बॅगेवर बाहेरून उंचीचे पाच सारखे पट्टे आखा. मग कापड तोलून पाच ढीग करा. घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग गाठोडं घेऊन उभे राहा. फरक म्हणजे गाठोड्याचं वजन. तळाच्या पट्ट्यासाठी साडेपाच किलो, त्यावर पावणेसहा, मग सहा, सव्वासहा आणि सगळ्यात वर साडेसहा. झाले तीस. आणखी दोन-तीन किलो बाजूला राखून ठेवा, ते नंतर लागतात. जो ढीग ज्या पट्ट्याचा, तो त्या रेषेच्या आतच बसला पाहिजे. उरला तर अजून चोपा. लवकर संपला आणि रेष गाठली नाही तरी पुढच्या ढिगातलं उसनं घेऊ नका, फार तर राखीवातलं मूठभर घ्या. हाताच्या अंदाजावर भरलेली बॅग कधीच एकसारखी होत नाही, कारण सुरुवातीला दम असतो तेव्हा माणूस जोरात चोपतो आणि शेवटी थकून वरवर दाबतो. नेमकं उलट व्हायला हवं.

उलट का, तेही सांगतो. बॅग लटकली की वरच्या कापडाचं सगळं वजन खालच्या थरांवर येतं. त्यात प्रत्येक ठोसा बॅगेला हादरवतो आणि प्रत्येक हादऱ्याला कापड थोडं खाली सरकतं. म्हणजे तळ काही न करता आपोआप घट्ट होत जाणार आणि वरचा भाग सैल पडत जाणार. म्हणून तळ मुद्दाम थोडा मऊ सोडायचा आणि वर चढाल तसा जोर वाढवायचा. दुकानातून भरून आलेल्या कितीतरी बॅगा वर्षभरात खालून फुगतात आणि वरून पिशवीसारख्या मोकळ्या होतात, त्यात हाच हिशेब चुकलेला असतो.

चोपायला जाड लाकडी दांडा घ्या, सपाट तोंडाचा, तीन-चार इंच रुंद. त्याच्या कडा कानशीने किंवा सँडपेपरने गोल करा, नाहीतर अस्तर फाटेल. जमीन चोपायच्या धुमसासारखी धरायला मूठ असेल तर खांद्याला सोपं जातं. बॅग खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर उभी करा. दोन भिंतींचा आधार मिळाला की ती पळत नाही. लटकवून भरू नका. दर वेळी चार-पाच इंचांचा सैल थर पसरायचा आणि चोपून दोन इंचांवर आणायचा. चोपताना आधी कडेने गोल फिरा, मग मध्ये या. मध्यभागी दांडा सहज पडतो म्हणून सगळे तिथेच ठोकतात, आणि कडेला, जिथे मूठ बसायचीय तिथेच पोकळ राहतं. कापडाचे तुकडे टाकतानाही कडेकडेने टाका, मधला खळगा शेवटी भरा.

दर दोन-तीन थरांनंतर दांडा बाजूला ठेवा, बॅगेला कवेत घ्या आणि दोन्ही हातांनी चहूबाजूंनी दाबत फिरा. अंगठ्याला खळगा लागला तर तिथेच वरून हात घालून एक तुकडा कोंबा. पट्टा पुरा झाला की बॅग चार बोटं उचलून जमिनीवर दोन-तीनदा आपटा. थर लगेच बोटभर खाली जातो, आणि आणखी किती भरायला लागेल ते तिथल्या तिथे दिसतं. हे काम दोघांनी केलेलं बरं, एकाने बॅग धरायची आणि दुसऱ्याने चोपायचं. एकट्याने करायला गेलात तर चौथ्या पट्ट्याला हात भरून येतात आणि तिथूनच हलगर्जीपणा सुरू होतो. नाकातोंडाला रुमाल बांधा, जुन्या कापडाची धूळ खूप उडते.

तीस किलोंवर ३५ करायचे असतील तर इथे वाळू येते. सहा किलो कोरडी, चाळलेली वाळू पुरे. ती जेवढी जागा घेईल तेवढं कापड कमी बसेल, साधारण एक किलोभर; म्हणजे निव्वळ वाढ पाच किलोची. एकेक किलोच्या सहा लांबट पुड्या करा. जाड प्लास्टिकची एक पिशवी, तिच्यावर दुसरी, मग बाहेरून चिकट टेपचे वेढे. पुडी फुग्यासारखी टचटचीत भरू नका, हातात थोडी वाकली पाहिजे. प्रत्येक पुडी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळा. मधल्या तीन पट्ट्यांत प्रत्येकी दोन पुड्या, बरोबर मध्यभागी, उभ्या ठेवायच्या. पुडी आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी वीतभर नसलं तरी चार इंच कापड हवंच. पुड्यांभोवतीचं कापड आधी चोपा आणि पुड्यांवर थेट दांडा मारू नका, फुटतील. तळाच्या पट्ट्यात वाळू नको, लाथा मारणार असाल तर तर मुळीच नको. नडगीचं हाड आणि वाळू यांची ओळख न झालेली बरी.

सुरुवातीलाच ३५चा हट्ट नसेल तर वाळूशिवाय तीस किलोवर दोन-तीन महिने मारून बघा. बऱ्याच जणांना पुढे वाळूची गरजच वाटत नाही.

वरचा पट्टा भरताना हात आखडता घेऊ नका. तोंडाशी कापड आलं की त्यावर एक जाड गोल घडी, टॉवेलची किंवा उरलेल्या चटईची, ठेवा. मग बॅगेवर चक्क बसा आणि कुणाला तरी झिप ओढायला सांगा. झिप ओढताना दात ताणले जात असतील तर वरचं मूठभर कापड काढा. झिपचं काम फक्त झाकायचं आहे, दाब धरून ठेवायचं नाही. दोरीने बांधायचं तोंड असेल तर जास्त गच्च भरता येतं.

आता टांगणं. पंख्याच्या हुकाला टांगू नका. तो हूक एका ठिकाणी शांत लटकलेल्या, ठरावीक वजनासाठी बसवलेला असतो. बॅग दिवसातून शेकडो वेळा झटके देते आणि तेही आडवे. फॉल्स सीलिंगचा तर प्रश्नच नाही. भक्कम काँक्रीटचा स्लॅब किंवा बीम, त्यात योग्य मापाचे अँकर बोल्ट, किंवा जाड लाकडी तुळई हवी. सगळा सरंजाम बॅगेच्या वजनाच्या निदान चार-पाच पट भाराचा असावा. छताच्या मजबुतीबद्दल थोडी जरी शंका असेल तर जाणकाराला दाखवा, नाहीतर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या. हूक आणि साखळ्यांच्या मध्ये एक स्प्रिंग बसवली तर छतात जाणारा झटका बराच कमी होतो आणि वरच्या मजल्यावरचे लोकही खूश राहतात. स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, बसवा, नाहीतर साखळीला पीळ बसत जातो. चारही साखळ्यांच्या कड्या मोजून सारख्या करा. एक कडी कमी-जास्त झाली तर बॅग तिरकी लटकते, सगळा भार टांगायच्या दोनच पट्ट्यांवर येतो आणि सहा महिन्यांत तिथलाच टाका जातो.

उंची: नुसती बॉक्सिंग करणार असाल तर बॅगेचा तळ तुमच्या कमरेच्या पट्ट्यापाशी आणि वरचं टोक डोक्याच्या वर. लाथाही मारायच्या असतील तर चार फुटी बॅग थोडी खाली घ्या; पण मांडीच्या उंचीच्या लाथांसाठी खरी सोय सहा फुटी बॅगेचीच.

टांगल्यावर पहिले आठ-दहा दिवस फार जोर लावू नका. बॅग अजून बसतेय. सगळ्या बाजूंनी, सगळ्या उंचीवर मध्यम ठोसे मारत फिरा. एकाच जागेवर मारत राहिलात तर तिथे खळगा पडेल आणि बाकीची बॅग कोरी राहील. या काळात वरचा भाग दोन-तीन इंच खाली जाईल. घाबरू नका, त्यासाठीच ते राखीव कापड होतं. बॅग उतरवा, झिप उघडा, वरून चोपा, भरा, बंद करा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बघा. दोन-तीन वेळा असं केल्यावर ती स्थिरावते.

बरोबर भरलीय का हे कसं ओळखायचं? हाताला पट्टी बांधून, ग्लोव्ह न घालता, मूठ बॅगेवर टेकवा आणि अंगाचा भार द्या. मूठ दोन-तीन सेंटिमीटर आत जाऊन थांबली आणि भार काढल्यावर खळगा हळूहळू भरून आला तर ठीक. जेमतेम दबली तर जास्त घट्ट. मनगटापर्यंत गेली तर अजून सैल. हे वर, मध्ये, खाली आणि चारही बाजूंनी करा. मग उघड्या तळहाताने थापटत फिरा; भरीव जागेचा आवाज जाड, बसका येतो, पोकळ जागेचा उथळ, फटकन येतो. कानाला दोन मिनिटांत फरक कळायला लागतो.

ग्लोव्ह आणि पट्टीशिवाय मात्र मारायचं नाही, बॅग कितीही मऊ असली तरी. साडेचार मीटरची पट्टी आणि बॅगसाठी १२ ते १६ औंसांचे ग्लोव्ह, आणि पहिले काही आठवडे मनगट सरळ राहतंय का एवढ्याकडेच लक्ष.

पुढे देखभाल म्हणावी अशी फारशी नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी बॅग टांगलेल्या जागी पाव फेरी फिरवा, म्हणजे एकच बाजू मार खात नाही. तीन-चार महिन्यांनी उतरवून आडवी जमिनीवर लोळवा आणि बाहेरून पावलांनी दाबत चाला. तळाचं घट्ट झालेलं कापड थोडं मोकळं होतं. व्यायामानंतर घाम पुसा, कॅनव्हासची असेल तर वारा लागू द्या. आणि ज्या दिवशी खालचा वीतभर भाग मूठ टेकवूनही दबेनासा होईल, किंवा वरचं कातडं चिमटीत धरता येईल इतकं सैल पडेल, त्या दिवशी वरून आणखी कोंबत बसू नका. पूर्ण रिकामी करा, कापड झटकून उन्हात टाका, पुन्हा पाच ढीग करा.